स्मिथसोनियनच्या दप्तरात सलीम अली कसे शोधायचे?

प्रश्न थोडक्यात असा: पीएच.डी.चा विषय स्वातंत्र्योत्तर भारतातल्या पक्षी-अभ्यासाचा इतिहास. पक्षीतज्ज्ञ सलीम अली आणि अमेरिकन पक्षीतज्ज्ञ डिलन रिप्ली यांनी मिळून केलेल्या कामाची मूळ कागदपत्रं वॉशिंग्टनला स्मिथसोनियनमध्ये आहेत, असं मार्गदर्शकांनी सांगितलं. संकेतस्थळावर ‘इंडिया’ आणि ‘बर्ड्‌स’ असं टाकून पाहिलं, तर ढीगभर नोंदी आल्या आणि त्यातले बहुतेक संग्रहालयातले पक्ष्यांचे नमुने निघाले. पत्रं कुठे आहेत ते कळेना. अमेरिकेला जाणं परवडणारं नाही. काय करावं?

मी पंचवीसेक वर्षं जुन्या कागदांत काम करतोय. सुरुवात पुण्यात मोडीच्या रुमालांपासून, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांपासून झाली. पुढे विज्ञानाच्या इतिहासाकडे वळलो तेव्हा वॉशिंग्टनलाही दोनदा जाऊन बसलो. त्यामुळे तुमची अडचण ओळखीची आहे. तुम्ही कागद मागायला गेलात आणि उभे राहिलात वस्तूंच्या खिडकीवर, एवढंच झालंय. स्मिथसोनियनने फेब्रुवारी २०२० मध्ये ‘ओपन ॲक्सेस’ सुरू केलं आणि पहिल्याच दिवशी २८ लाख प्रतिमा कुणालाही कशाही वापरायला मोकळ्या केल्या. छान गोष्ट आहे. पण त्या ढिगात भर आहे ती नमुन्यांची, चित्रांची, वस्तूंची. फोल्डरमध्ये पडून असलेली पत्रं तिथे एकेक करून नोंदवलेली नसतात. ती वेगळ्या पद्धतीने शोधावी लागतात, आणि ती पद्धत कळली की तुमचं निम्मं काम पुण्यात किंवा मुंबईत बसूनच होईल.

आधी घराची रचना समजून घ्या. स्मिथसोनियन म्हणजे एक संग्रहालय नव्हे. २१ संग्रहालयं, एक प्राणिसंग्रहालय आणि कितीतरी संशोधन केंद्रं असं ते एकत्र कुटुंब आहे, आणि चुली मात्र वेगळ्या. कागदपत्रांच्याही चुली वेगळ्या. अमेरिकन चित्रकारांची पत्रं आणि वह्या ‘आर्काइव्ह्ज ऑफ अमेरिकन आर्ट’मध्ये. मानववंशशास्त्रज्ञांच्या टिपणवह्या ‘नॅशनल अँथ्रोपॉलॉजिकल आर्काइव्ह्ज’मध्ये, त्या वॉशिंग्टनबाहेर मेरीलँडमधल्या सूटलंडला. विमानांचे तांत्रिक आराखडे हवाई आणि अंतराळ संग्रहालयाकडे. आशियाई कलेसंबंधीचे कागद, त्यात संस्थापक चार्ल्स लँग फ्रीअर यांची स्वतःची पत्रं, आशियाई कला संग्रहालयाकडे. आणि संस्थेचा स्वतःचा कारभार, म्हणजे कुणाला नेमलं, कुठली मोहीम पाठवली, कुठल्या प्रदर्शनावरून भांडण झालं, हे सगळं ‘स्मिथसोनियन इन्स्टिट्यूशन आर्काइव्ह्ज’मध्ये. २०२० पासून हा शेवटचा विभाग ग्रंथालयांबरोबर एकत्र झालाय, म्हणून नाव आता ‘स्मिथसोनियन लायब्ररीज अँड आर्काइव्ह्ज’ असं दिसेल.

आणखी एक घोटाळा होतो म्हणून सांगतो. अमेरिकेचं ‘नॅशनल आर्काइव्ह्ज’ आणि ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ या दोन्ही स्मिथसोनियनपासून पूर्ण वेगळ्या संस्था आहेत, जरी तिन्ही एकाच शहरात चालत जाण्याच्या अंतरावर असल्या तरी. तुमच्या विषयात हा फरक नुसता तांत्रिक नाही. रिप्ली दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या ‘ओएसएस’ या गुप्तचर संघटनेत होते आणि त्यांचं काम सिलोनमधून, कँडीहून चालत असे. ओएसएसच्या कर्मचाऱ्यांच्या फायली २००८ साली खुल्या झाल्या, पण त्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये. स्मिथसोनियनमध्ये कितीही शोधलंत तरी सरकारी गुप्तचर खात्याचं दप्तर तिथे मिळायचं नाही, कारण ते दप्तर स्मिथसोनियनने कधी तयारच केलं नव्हतं.

हे शेवटचं वाक्य जरा थांबून वाचा, कारण मला जे सांगायचंय ते सगळं त्यातच आहे. अभिलेखागारात कागद विषयावरून लावलेला नसतो. तो कुणाच्या टेबलावरून आला, त्यावरून लावलेला असतो. पेशवे दप्तर पाहिलं असेल तर हे पटकन समजेल. तिथे रुमाल बांधला गेला तो त्या कचेरीच्या, त्या कारकुनाच्या सोयीने. ‘मराठ्यांचे आरमार’ नावाचा रुमाल तिथे कुणी आपल्यासाठी बांधून ठेवलेला नाही. रियासतकार सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात त्या दप्तरातून निवडून ४५ खंड काढले, ते विषयवार लावले, आणि आपल्या तीन पिढ्या त्यावर पोसल्या. पण निवड ती निवडच. ज्याने नुसते खंड वाचले आणि रुमाल उघडला नाही, त्याला निवडलेल्या पत्राच्या वर-खाली कुठले कागद होते ते कधी कळलंच नाही. आज संकेतस्थळावर स्कॅन होऊन चढलेले कागद म्हणजे त्या ४५ खंडांसारखेच आहेत. उपयोगी आहेत, पण ते म्हणजे दप्तर नव्हे.

म्हणून ‘इंडिया’ हा शब्द सोडून द्या आणि माणसं शोधा. पहिला माणूस अर्थातच सिडनी डिलन रिप्ली. जन्म १९१३, मृत्यू २००१, आणि १९६४ ते १९८४ अशी वीस वर्षं स्मिथसोनियनचे सेक्रेटरी. हे ‘सेक्रेटरी’ म्हणजे आपल्याकडचे चिटणीस नव्हेत, सबंध संस्थेचा सर्वोच्च अधिकारी म्हणजे तिथला सेक्रेटरी. त्यामुळे रिप्लींचे कागद दोन जातींचे आहेत. एक त्यांची व्यक्तिगत कागदपत्रं, ज्यात पक्षी, मोहिमा, मित्र, हस्तलिखितं येतात. दुसरे सेक्रेटरीच्या कचेरीचे कागद, ज्यात अंदाजपत्रकं, अमेरिकन काँग्रेसपुढच्या साक्षी, करार येतात. सलीम अलींबद्दलचा मजकूर दोन्हीकडे असू शकतो आणि त्याचा स्वर मात्र दोन्हीकडे सारखा नसतो. मित्राला लिहिलेलं पत्र आणि त्याच मित्राच्या प्रकल्पाला पैसे द्यावेत की नाही याचं कचेरीतलं टिपण शेजारी ठेवून वाचायला मिळालं, तर इतिहासकाराचं नशीब फळफळलं म्हणायचं.

तारखांकडे नीट लक्ष द्या. सलीम अली आणि रिप्ली १९४६-४७ च्या सुमारास मिशमी टेकड्यांत एकत्र गेले होते आणि त्यावरचा त्यांचा जोडलेख १९४८ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये आला. रिप्ली तेव्हा येल विद्यापीठात होते. १९५९ ते १९६४ या काळात ते येलच्या पीबडी संग्रहालयाचे संचालक होते. १९६१ साली सोसायटीने प्रसिद्ध केलेली त्यांची भारत-पाकिस्तानच्या पक्ष्यांची सूची याच येलच्या दिवसांतली. म्हणजे तुमच्या कथेचा पहिला अंक चालू होता तेव्हा नायक स्मिथसोनियनचा सेक्रेटरी झालेलाच नव्हता. काही कागद त्याच्याबरोबर वॉशिंग्टनला आले असतील, काही मागे राहिले असतील. येलच्या सूचीतही त्याचं नाव टाकून पाहिल्याशिवाय ‘पत्रं मिळत नाहीत’ असं प्रबंधात लिहू नका. परीक्षक हेच पहिलं विचारतात.

आता सूची कशी वाचायची ते. स्मिथसोनियनच्या कागदपत्रांच्या सूच्या ‘सोवा’ नावाच्या ठिकाणी एकत्र पाहता येतात, आणि इन्स्टिट्यूशन आर्काइव्ह्जच्या स्वतःच्या पानांवरही आहेत. एखाद्या संग्रहाची सूची उघडली की आधी त्या माणसाचा परिचय, मग संग्रहाचा आवाका घनफुटांत, मग मालिका, मग बॉक्स आणि शेवटी फोल्डर अशी उतरंड दिसते. बहुतेक जण वरचा मजकूर न वाचता थेट फोल्डरच्या यादीत ‘सलीम अली’ शोधतात. मी सांगेन, उलटं करा. परिचय आणि मालिकांचं वर्णन शब्दन्‌शब्द वाचा, मग डोळ्यांनी सबंध यादी खालपर्यंत पाहा, संगणकाच्या ‘फाइंड’ने नव्हे. कारण फोल्डरची नावं त्या कचेरीच्या टंकलेखिकेने दिलेली असतात. पत्र सलीम अलींचं असलं तरी ते ‘ए’ अक्षराच्या सर्वसाधारण पत्रव्यवहारात असेल, ‘बॉम्बे’मध्ये असेल, ‘हँडबुक’मध्ये असेल, प्रकाशकाच्या म्हणजे ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या नावाने असेल. सलीम अली आणि रिप्ली यांचं भारत-पाकिस्तानच्या पक्ष्यांवरचं दहा खंडांचं ते हँडबुक १९६८ ते १९७४ अशी सहा वर्षं छापून येत होतं. एवढ्या वर्षांचा पत्रव्यवहार एका फोल्डरात मावेल का?

स्पेलिंगांचंही तेच. पुणे म्हणजे जुन्या कागदांत पूना, कधी पूनाह. मुंबई तिथे बॉम्बेच. मराठा कधी ‘महरट्टा’ होतो. सलीम अलींच्या नावातल्या ‘ए’वर कुणी स्वरचिन्ह देतं, कुणी देत नाही, कुणी दोन शब्द जोडून टाकतं. सह्याद्री शोधलात तर हाती फार लागणार नाही, वेस्टर्न घाट्स शोधा.

माझी फजिती सांगतो. पहिल्या वेळी मी पाच दिवसांसाठी गेलो होतो. आधीच मेल पाठवून बॉक्स मागवून ठेवले होते, कारण पुष्कळसे बॉक्स वाचनकक्षाच्या इमारतीत नसतातच, दूरच्या गोदामातून आणावे लागतात. पण मागवले कसे? तर ज्या फोल्डरांवर ‘इंडिया’ लिहिलंय तेवढे. तीन दिवस मी काय वाचलं? प्रवासाची तिकिटं, हॉटेलांची बिलं, वकिलातीतल्या मेजवान्यांची निमंत्रणं आणि आभाराची पत्रं. चौथ्या दिवशी तिथल्या अभिलेखपाल बाईंनी शांतपणे विचारलं, की तुम्ही शोधताय तो माणूस ज्या समितीवर होता त्या समितीच्या फायली का नाही मागवत? मागवल्या असत्या, पण त्या गोदामात. त्या यायला जो वेळ लागला त्यात माझं परतीचं विमान निघून गेलं असतं. दुसरी फेरी त्यामुळेच झाली, तीही चार वर्षांनी.

आता मला या सगळ्या विषयातला सगळ्यात आवडता भाग सांगू द्या, आणि तो तुमच्या खर्चाच्या प्रश्नाशीही जोडलेला आहे.

२४ जानेवारी १८६५ ला स्मिथसोनियनच्या ‘कॅसल’ नावाच्या मूळ लाल इमारतीला आग लागली. कारण हास्यास्पद आहे. थंडीचे दिवस, चित्रांच्या दालनात कामगारांनी तात्पुरती शेगडी बसवली आणि तिचं नळकांडं धुराड्यात घालायच्या ऐवजी भिंतीच्या विटांमागच्या पोकळीत घातलं. काही दिवस ठिणग्या आत साचत राहिल्या आणि मग छत पेटलं. ज्याच्या मृत्युपत्रातल्या पैशातून ही संस्था उभी राहिली त्या जेम्स स्मिथसनचे कागद जळाले. पहिले सेक्रेटरी जोसेफ हेन्री यांच्या कचेरीतला पत्रव्यवहार जळाला. जॉन मिक्स स्टॅन्ले या चित्रकाराची आदिवासी अमेरिकनांची दोनशेच्या आसपास चित्रं गेली. आज एवढ्या मोठ्या संस्थेला आपल्या मूळ पुरुषाबद्दल जे थोडंफार ठाऊक आहे, ते बरंचसं बाहेरून गोळा केलेलं आहे.

पण हेन्रींचं काय झालं बघा. १९६६ पासून पुढे त्यांचा पत्रव्यवहार संपादित करून छापण्याचा एक मोठा प्रकल्प झाला आणि त्याचे जाड खंड निघाले. मूळ दप्तर जळालं होतं, मग छापलं काय? पत्राला दोन टोकं असतात. हेन्रींनी ज्यांना पत्रं लिहिली त्यांनी ती जपून ठेवली होती. संपादकांनी देशोदेशीच्या संग्रहांतून ती हुडकून आणली. वॉशिंग्टनमध्ये जळालेलं दप्तर दुसऱ्या टोकाकडून पुन्हा उभं राहिलं.

दुसरं उदाहरण जड आहे. कॅलिफोर्नियातल्या ‘याही’ नावाच्या जमातीचा शेवटचा माणूस म्हणून ज्याला ओळखतात तो इशी मार्च १९१६ मध्ये वारला. त्याचं दहन झालं असं सगळे समजत होते. शवविच्छेदनात काढलेल्या त्याच्या मेंदूचं काय झालं याबद्दल मात्र अफवाच होत्या. १९९९ साली ओरिन स्टार्न या मानववंशशास्त्रज्ञाने पत्रव्यवहाराचा माग काढला. कॅलिफोर्नियातले मानववंशशास्त्रज्ञ क्रोबर यांनी तो मेंदू स्मिथसोनियनच्या अलेश हर्डलिच्का यांच्याकडे पाठवल्याची पत्रं होती, आणि तो तिथे अजून जपून ठेवलेला निघाला. २००० साली तो इशीच्या नातलग जमातींच्या स्वाधीन झाला. ऐंशीहून अधिक वर्षं ही गोष्ट ‘माहीत नव्हती’. कागद दोन्ही टोकांना होते, एकाने तरी ते जोडून पाहायला हवे होते.

तुमच्या बाबतीत दुसरं टोक कुठे आहे? मुंबईत, शहीद भगतसिंग रस्त्यावर, हॉर्नबिल हाउसमध्ये. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ पासूनची संस्था आहे, आणि सलीम अलींचं आयुष्य तिच्याभोवती गेलं. तिच्या जर्नलचे जुने अंक ‘बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी’वर घरबसल्या फुकट वाचता येतात, आणि गंमत म्हणजे त्या लायब्ररीचं मुख्य ठाणं २०२५ पर्यंत स्मिथसोनियनच्याच ग्रंथालयात होतं. वॉशिंग्टनचं तिकीट काढायच्या आधी मुंबईची लोकल पकडा. हे मी खर्च वाचवायला म्हणत नाही. एका टोकाची पत्रं वाचून गेलात, तर दुसऱ्या टोकाला नेमक्या कोणत्या तारखांचं काय मागायचं ते हातात असतं.

तिसरं टोकही आहे, ते दिल्लीत. १९७०च्या दशकात परदेशी पैशाने चालणाऱ्या संशोधनाबद्दल आपल्याकडे बरंच वादळ उठलं. संसदेच्या लोकलेखा समितीने १९७४-७५ मध्ये त्यावर अहवाल दिला आणि त्यात सोसायटीच्या पक्षी-स्थलांतराच्या अभ्यासाला अमेरिकन लष्कराशी संबंधित कार्यक्रमातून मिळालेल्या पैशाचाही विषय आला. रिप्लींचा ओएसएसचा भूतकाळ लक्षात घेतला तर लोक का बिथरले ते कळतं. या प्रकरणावर लिहिताना भारतातले बरेच जण वर्तमानपत्री कात्रणांवर भागवतात. अहवाल छापील आहे, तो पूर्ण वाचा, मग वॉशिंग्टनच्या फायलींकडे वळा. मला स्वतःला वाटतं, तुमच्या प्रबंधाचा सगळ्यात रसरशीत अध्याय इथेच आहे. पण तिथे निकाल द्यायची घाई करू नका. कागदांत संशय सापडणं आणि पुरावा सापडणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

पैशाचा विषय निघालाच आहे तर पीएल-४८० विसरू नका. १९५४ च्या त्या अमेरिकन कायद्याखाली आलेल्या धान्याची किंमत भारत रुपयांत चुकवत होता. रेशनच्या लाल गव्हाच्या पोळ्या आठवणारी पिढी अजून घरोघरी आहे. ते रुपये भारतातच साचले आणि भारतातच खर्च करणं भाग होतं. लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्यातून १९६२ पासून भारतीय भाषांतली पुस्तकं घेऊन अमेरिकन विद्यापीठांना पाठवली. म्हणून तर आपल्याकडे रद्दीत गेलेले मराठी कथासंग्रह तिकडच्या ग्रंथालयांत नीट कपाटात उभे दिसतात. स्मिथसोनियननेही १९६०च्या दशकाच्या मध्यापासून ‘फॉरिन करन्सी प्रोग्रॅम’ चालवून याच पैशातून संशोधनाला अनुदानं दिली. पुण्यात डेक्कन कॉलेजच्या आवारात सुरुवात झालेल्या अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजलाही त्यातून मदत झाली. या कार्यक्रमाच्या फायली इन्स्टिट्यूशन आर्काइव्ह्जमध्ये स्वतंत्रपणे शोधा. शीर्षकात पक्षी नाहीत, म्हणून तुमच्या शोधात त्या आल्या नसणार.

बाकीच्या चुलींबद्दल दोन शब्द. ‘इंडिया’ शोधताना तुम्हाला १९८५ च्या ‘मेला’ची छायाचित्रं दिसली असतील. भारत महोत्सवाच्या वर्षी वॉशिंग्टनच्या ‘नॅशनल मॉल’ या मोठ्या मैदानावरच्या लोकजीवन महोत्सवात भारतीय जत्रा भरवली होती, तिची ध्वनिमुद्रणं आणि कागद राल्फ रिन्झलर यांच्या नावाच्या लोकजीवन संग्रहात आहेत. तुमच्या कामाचे नाहीत, पण लोककलांवर काम करणारं कुणी ओळखीचं असेल तर त्यांना सांगा. त्याच संग्रहात मोझेस ॲश यांची फोकवेज कंपनी आहे. ॲश १९८६ मध्ये वारले, पुढच्या वर्षी स्मिथसोनियनने त्यांच्या २,१६८ तबकड्यांचा संच घेतला, आणि अट अशी की खपो न खपो, एकही शीर्षक कधी बंद पडता कामा नये. अशी अट घालणारा व्यापारी मी दुसरा पाहिलेला नाही.

आणि एक माणूस सांगितल्याशिवाय राहवत नाही, जरी तुमच्या विषयाशी त्याचा संबंध नसला तरी. जॉन पीबडी हॅरिंग्टन. १९१५ ते १९५४ अशी जवळजवळ चाळीस वर्षं तो स्मिथसोनियनच्या ‘ब्यूरो ऑफ अमेरिकन एथ्नॉलॉजी’त नोकरीला होता, आणि त्या काळात तो फक्त मरणपंथाला लागलेल्या भाषांचे शेवटचे बोलणारे शोधत हिंडला. छापलं फार थोडं. लिहून मात्र जवळजवळ दहा लाख पानं ठेवली. साहेबांना आपण काय करतोय याचा पत्ता लागू नये म्हणून तो धडपडे, आणि १९६१ मध्ये तो वारल्यावर त्याने ठिकठिकाणी ठेवलेली खोकी वर्षानुवर्षं सापडत राहिली. १९३० च्या जानेवारीत मुत्सुन भाषा अस्खलित बोलणारी शेवटची बाई, असेन्सियोन सोलोर्सानो, वारली. तिच्या अखेरच्या दुखण्यातले महिने हॅरिंग्टन तिच्याजवळ बसून शब्द उतरवत होता. साठेक वर्षांनी तिच्या लोकांनी त्याच वह्या उघडल्या, शब्दकोश केला, आणि आता ते ती भाषा पुन्हा शिकतायत. तोंडाने बोलणारं कुणी उरलं नव्हतं तेव्हा भाषा बॉक्समध्ये होती. राजवाडे गावोगाव पायपीट करून कागद गोळा करत, त्यांची तऱ्हेवाईक गोष्ट ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला हॅरिंग्टन परका वाटत नाही.

आता तुमचा व्यवहाराचा प्रश्न. न जाता किती होतं? बरंच होतं. प्रत्येक विभागात संशोधकांच्या प्रश्नांना उत्तर देणारे अभिलेखपाल असतात आणि ते मेलला उत्तर देतात. मात्र ‘सलीम अलींबद्दल जे काही असेल ते पाठवा’ असं लिहिलंत तर सभ्य नकार येईल. संग्रहाचं नाव, बॉक्स क्रमांक, फोल्डरचं नाव आणि तुम्हाला हव्या असलेल्या तारखा एवढं लिहा, आणि हे का हवंय ते दोन ओळींत. मग बहुधा स्कॅनचं काय, शुल्क पडेल का, ते किती, हे कळवतात. शिवाय संस्थेच्या कारभाराच्या कागदांवर साधारण पंधरा वर्षांचं कुलूप असतं. रिप्ली १९८४ ला पायउतार झाले, त्यामुळे तुम्हाला त्याची झळ फारशी लागू नये. लागलीच तर ती व्यक्तिगत माहिती असलेल्या एखाद-दुसऱ्या फोल्डरला.

हस्ताक्षरं वाचायचा सराव हवा असेल तर स्मिथसोनियनचं ‘ट्रान्स्क्रिप्शन सेंटर’ उघडा. २०१३ पासून जगभरचे स्वयंसेवक तिथे टिपणवह्या, डायऱ्या, पत्रं वाचून टंकित करतात. निसर्ग-अभ्यासकांच्या क्षेत्रवह्याही त्यात असतात. आठवडाभर तिथे घाम गाळलात तर क्षेत्रवहीत लोक काय लिहितात, काय गाळतात आणि कुठल्या खुणा वापरतात हे अंगवळणी पडेल. मोडी शिकताना आम्हाला जसे आधी वळणांचे तक्ते गिरवायला लावायचे, तसंच हे.

छापताना सांभाळा. कागद स्मिथसोनियनच्या मालकीचा असला तरी पत्रातल्या मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा असतो. सलीम अली जून १९८७ मध्ये वारले. अमेरिकन कायद्यात अप्रकाशित पत्रांना लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं संरक्षण आहे, म्हणजे २०५७ च्या अखेरीपर्यंत. प्रबंधात दोन-चार ओळी उद्धृत करणं वेगळं आणि पुस्तकात सबंध पत्रं छापणं वेगळं. दुसरं करायचं असेल तर परवानगीचं पत्र आजच फायलीत लावायला घ्या, वारस शोधायला वेळ लागतो.

जायचंच ठरलं तर स्मिथसोनियनच्या स्वतःच्या फेलोशिप परदेशी संशोधकांनाही खुल्या असतात आणि फुलब्राइट-नेहरूची पीएच.डी. करणाऱ्यांसाठीची फेलोशिप आहेच. अर्जात ‘तिथे जाऊन शोधेन’ असं लिहू नका. ‘या संग्रहातले हे अकरा बॉक्स, या कारणासाठी’ असं लिहा, फरक पडतो. आणि तारखा ठरवताना अमेरिकन सरकारच्या अंदाजपत्रकाच्या भांडणांवर नजर ठेवा. २०१९ च्या जानेवारीत सरकार ठप्प झालं तेव्हा स्मिथसोनियनची सगळी दारं जवळजवळ महिनाभर बंद होती. तिकीट काढून पोचलेले संशोधक बाहेरून इमारतींचे फोटो काढून परतले.

तर या आठवड्यात एवढं करा. हँडबुकच्या दहाही खंडांच्या प्रस्तावना आणि आभार वाचून त्यातली झाडून सगळी नावं एका वहीत उतरवा: चित्रकार, टंकलेखक, वनाधिकारी, पैसे देणारे, सगळे. प्रत्येक नावापुढे तो माणूस कुठल्या संस्थेत होता आणि कुठल्या वर्षांत, ते लिहा. ती वही घेऊन हॉर्नबिल हाउसला जा. मग रिप्लींच्या संग्रहाची सूची उघडून एकेक नाव तपासा, आणि जे फोल्डर लागतील त्यातला एकच, सगळ्यात लहान, पहिल्या मेलमध्ये मागवा. त्याच्या उत्तरातून किती दिवस लागतात, प्रती कशा येतात, किती पैसे पडतात हे कळेल, आणि पुढच्या अकरा बॉक्सांचा हिशेब मांडता येईल.